हातचा कुठं जातो? ऑटोइम्यून आजार आणि डोक्यातलं धुकं

आठ सक अठ्ठेचाळीस. आठ लिहिले, हातचे चार. तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. उचलला, "मालक सौद्यावर गेलेत" म्हणून ठेवला आणि परत पट्टीकडं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदाकडं, वळले. आठ दुणे सोळा. सहा लिहिले, हातचा एक.

काउंटरपलीकडं कागल भागातले एक शेतकरी उभे होते. गुळाचे ४२ रवे म्हणजे ढेपा, वजन १२ क्विंटल ६० किलो, भाव क्विंटलला ३,८०० रुपये. त्यांनी पट्टी हातात घेतली, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि हळूच म्हणाले, "वैनी, चारशे कमी लागल्यात बघा." ४७,८८० च्या जागी मी ४७,४८० लिहिले होते. फोन वाजला तेव्हा अठ्ठेचाळीसातले चार माझ्याजवळ होते, ठेवला तेव्हा नव्हते. खरी गोम अशी की ते गेल्याचा मला पत्ताच लागला नव्हता.

मी कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. हमाल आणि शेतकरी गमतीनं मला 'दिवाणजी' म्हणतात. कॅल्क्युलेटर समोरच पडलेला असतो, पण पट्टी तोंडी हिशेबानं लिहायची हा माझा जुना माज. मला ल्यूपस आहे हे तोवर कळून चार वर्षं झाली होती. सांधे दुखतात, उन्हात गेलं की गालावर चट्टा उठतो, दुपारनंतर अंगातली शक्ती कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं, हे सगळं मी आजाराच्या खात्यावर लिहीत होते. हातचा निसटणं मात्र स्वतःच्या नावावर. लक्ष नाही, वय झालं, मोबाइल फार बघते, वगैरे.

ते त्या खात्यावर नव्हतं. कुठल्या खात्यावर होतं ते शोधताना जे कळलं, ते इथं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण माझ्या आजारानं मला वाचायला लावलं, आणि हिशेबाच्या सवयीमुळं एक गोष्ट लवकर ध्यानात आली: इंग्रजीत ज्याला 'ब्रेन फॉग' म्हणतात आणि आपण 'डोकं चालंना' म्हणतो, ती एक रक्कम नव्हेच. ती बेरीज आहे. आत पाच-सहा वेगळ्या रकमा आहेत आणि त्यातल्या दोन-तीन चक्क वजा करता येतात.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. ऑटोइम्यून म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीनं आपल्याच अवयवांवर हल्ला करणं. 'कुंपणानंच शेत खाल्लं' ही म्हण यासाठी सगळे वापरतात, पण मला ती पटत नाही. कुंपणाच्या खाण्यात बेइमानी आहे. इथं बेइमानी नाही, ओळखण्यात चूक आहे. माळ्यावर राखणीला बसवलेला गडी अंधारात घरच्याच माणसावर गोफण फिरवतो, तसलं. कुणावर फिरवतो त्यावर आजाराचं नाव ठरतं. सांध्यांवर असेल तर आमवात, थायरॉइडच्या गाठीवर असेल तर हाशिमोटो, लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर असेल तर श्योग्रेन, थेट मेंदू आणि मज्जारज्जूवर असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस. ल्यूपसमध्ये अंगभर कुठंही, आणि त्याचे दहातले नऊ रुग्ण बायका.

यातला एमएस सोडला तर बाकीच्यांत मेंदूचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. डॉक्टर मंडळींनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. खरं तर एमएसच्या बाबतीतही. फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टरनं १८६८ च्या सुमारास या आजाराचं पद्धतशीर वर्णन केलं, तेव्हा या रुग्णांची स्मरणशक्ती दुबळी होते, विचार हळू बनतात, हे त्यानं टिपून ठेवलं होतं. पुढं जवळजवळ शंभर वर्षं लोक पायांची ताकद आणि डोळ्यांची नजर मोजत राहिले. आता एमएसच्या १०० पैकी ४० ते ६५ जणांना विचारशक्तीचा काही ना काही त्रास असतो हे मान्य झालं आहे. ल्यूपससाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ मध्ये मेंदू आणि नसांच्या १९ प्रकारच्या त्रासांची यादी केली, त्यात आकलनशक्तीतला बिघाड हा एक स्वतंत्र प्रकार आहे. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा सुमारे ३८ टक्के येतो. अभ्यासागणिक तो बराच खालीवर होतो, कारण कुणी कुठली चाचणी घेतली यावर सगळं अवलंबून. तरी दर तिघींमागं एक तरी हे धरून चालायला हरकत नाही.

बिघडतं नेमकं काय? मानसशास्त्रात 'कार्यरत स्मृती' असा शब्द आहे. मला 'हातचा' हाच शब्द बरा वाटतो. एखादी गोष्ट काही सेकंद मनात धरून ठेवायची आणि तेवढ्यात दुसरं काम करायचं. गॅसवर दूध ठेवलंय हे धरून ठेवत दाराशी आलेल्या माणसाशी बोलायचं. वाक्य सुरू करताना त्याचा शेवट धरून ठेवायचा. दुसरं बिघडतं ते वेग. कळतं सगळं, पण समोरचा तिसऱ्या वाक्यावर पोचलेला असतो आणि आपण पहिलं उलगडत असतो. तिसरं म्हणजे शब्द. मी एकदा सासूबाईंना "ते भांडं द्या, ज्यानं भात काढतात ते" म्हटलं. भातवाढी. तीस वर्षं तोंडात असलेला शब्द. दहा मिनिटांनी भांडी घासताना तो आपोआप आला.

या दहा मिनिटांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. शब्द पुसला गेला नव्हता. गोदामात माल होता, किल्ली सापडत नव्हती. अल्झायमरमध्ये नवा माल गोदामात जातच नाही, म्हणून कितीही आठवण करून दिली तरी उपयोग होत नाही आणि बऱ्याचदा त्या माणसाला आपण विसरतोय हेही जाणवत नाही. ऑटोइम्यून आजारातल्या धुक्यात थोडी खूण दिली की आठवतं, आणि माणसाला आपली चूक गरजेपेक्षा जास्तच जाणवते. चाळिशीतली बाई "मला वेड लागणार का" म्हणून रात्री रडत असेल, तर तिला एवढा फरक तरी कुणी सांगायला हवा. मला कुणी सांगितला नव्हता.

आता हे होतं कसं.

मेंदूला बाकीच्या शरीरापासून वेगळं ठेवणारी एक भिंत आहे. १८८५ मध्ये जर्मनीच्या पाउल एर्लिशनं प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला, तर सगळे अवयव रंगले आणि मेंदू मात्र कोराच राहिला. त्याला वाटलं मेंदू रंग धरत नाही. त्याच्याच शिष्यानं, गोल्डमाननं, १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू रंगला, शरीर कोरं. म्हणजे मधे बांध आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली फार थोडी द्रव्यं पलीकडं जातात.

मग सांध्यातला दाह डोक्यात कसा पोचतो? कोल्हापूरकरांना हे समजावायला मला तरी फार लांब जावं लागत नाही. पंचगंगेला पूर येतो तेव्हा आपण राजाराम बंधाऱ्याकडं डोळे लावून बसतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पण शाहूपुरीत, कुंभार गल्लीत पाणी नदी चालून आल्यासारखं समोरून येत नाही. ते जयंती नाल्यातून मागं फुगत येतं. बांधाकडं बघत बसलेल्या माणसाच्या परसातून.

शरीरातही असे नाले आहेत. दाह पेटला की पेशी काही निरोप्या द्रव्यं सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांना बांध ओलांडायची गरज पडत नाही. पोटाकडून मेंदूकडं जाणारी व्हेगस नावाची लांबलचक नस त्यांचा निरोप वर पोचवते. मेंदूत काही जागी बांध मुळातच पातळ आहे, तिथून तो आत शिरतो. शिवाय बांधाच्या अलीकडच्या पेशी तो निरोप ऐकून पलीकडं स्वतःचा नवा निरोप सोडतात. मेंदूचं उत्तर मग ठरलेलं असतं: पडून राहा, कमी खा, कुणाशी बोलू नको, फार विचार करू नको. ताप आलेलं कुत्रं कोपऱ्यात गुडूप होतं ते याचसाठी. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट नावाच्या पशुवैद्यकातल्या संशोधकानं हे आजारपणाचं वागणं म्हणजे बिघाड नसून शक्ती वाचवण्याची शरीराची युक्ती आहे, असं मांडलं. चार दिवसांच्या तापाला ही युक्ती उत्तम. चौदा वर्षांच्या आमवाताला ती शिक्षा होऊन बसते, कारण 'पडून राहा' हा निरोप बंदच होत नाही.

हे सगळं मनाचे खेळ आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन पुरावे. पहिला कावीळवाल्यांचा. हेपॅटायटिस सी झालेल्यांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. हे इंटरफेरॉन आपलं शरीरही बनवतं, तेही एक निरोप्याच. ज्यांना ल्यूपस नाही, आमवात नाही, अशा या माणसांपैकी बऱ्याच जणांना इंजेक्शनं सुरू झाल्यावर थकवा, उदासी आणि 'डोकं चालत नाही' असा त्रास सुरू होई. ल्यूपसच्या अनेक रुग्णांच्या रक्तात हेच द्रव्य कायम वाढलेलं असतं. दुसरा पुरावा २०११ चा, जर्मनीतला. आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ नावाचा निरोप्या अडवणारं औषध दिलं आणि मेंदूचे स्कॅन काढले. २४ तासांत मेंदूतली वेदनेची धग कमी झालेली दिसली. सांध्यांची सूज तेव्हा तशीच होती. मेंदूला बातमी सांध्याआधी कळली होती.

ल्यूपसमध्ये याच्याही पुढची एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली तीच सगळ्यात चक्रावून टाकणारी. ल्यूपसची जुनी ओळख म्हणजे रक्तात डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे प्रतिकारशक्तीनं हल्ल्यासाठी घडवलेली द्रव्यं, सापडणं. रिपोर्टवर 'अँटी-डीएसडीएनए' लिहिलेलं असतं ते. २००१ मध्ये अमेरिकेत बेटी डायमंड यांच्या गटानं दाखवलं की यातली काही प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहकावरही (पेशीवरची निरोप झेलणारी जागा) जाऊन बसतात, आणि नेमका हाच ग्राहक आठवणी बनवण्याच्या कामाचा. एका कुलपासाठी घडवलेली किल्ली दुसऱ्यालाही लागावी तसं. उंदरांच्या रक्तात ही प्रतिपिंडं होती, तरी उंदीर ठणठणीत. बांध शाबूत होता ना. जंतूंच्या विषानं बांध सैल केला तेव्हा प्रतिपिंडं हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाच्या भागात शिरली आणि उंदरांच्या आठवणी ढासळल्या. पुढं २००६ मध्ये त्यांनी बांध उघडायला अॅड्रेनलिन वापरलं, घाबरल्यावर आपल्या रक्तात येतं तेच. या वेळी प्रतिपिंडं दुसऱ्याच भागात गेली, भीती आणि भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालात, आणि उंदरांचं वागणं बदललं.

म्हणजे प्रतिपिंडं तीच, पण फाटक कुठलं उघडलं त्यावर नुकसान कुठं ते ठरतं. साध्या लघवीच्या जंतुसंसर्गानंतर काही ल्यूपसवाल्या बायका "तेव्हापासून डोकं गेलं" म्हणतात तेव्हा मला हे उंदीर आठवतात. उंदरात दिसलं ते माणसात तसंच्या तसं घडतं असं नाही, हे खरं. २०११ मध्ये एनएमडीए ग्राहकावर काम करणारी मेमँटिन ही गोळी ल्यूपसच्या रुग्णांना देऊन बघितली, फारसा फरक पडला नाही. नुकसान होऊन गेल्यावर कुलूप घालून काय करणार, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

मेंदूत राहणाऱ्या सफाईवाल्या पेशीही यात आहेत. त्यांचं नाव मायक्रोग्लिया. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालतात आणि वर आलेली मळी गडी काढत राहतो. मळी काढणं गरजेचंच, नाहीतर गूळ काळा पडतो. पण गडी पिसाळला आणि मळीबरोबर रसही उपसायला लागला तर? मायक्रोग्लियाचं काम मेंदूतल्या पेशींमधले निकामी जोड काढून टाकायचं. २०१७ मध्ये ल्यूपस असलेल्या उंदरांत दिसलं की इंटरफेरॉनमुळं चेवलेल्या या पेशी चांगले जोडही गिळतात, आणि इंटरफेरॉनचा मार्ग अडवला तर जोड वाचतात. त्याच मार्गाला अडवणारं अॅनिफ्रोलुमॅब हे औषध ल्यूपससाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते धुक्यासाठी म्हणून दिलेलं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

एमएसची गोष्ट निराळी, ती एका ओळीत सांगते: नसा म्हणजे वायर धरा, त्यांच्यावरचं रबर सोलवटतं, म्हणून करंट हळू जातो. आणि काही ल्यूपसवाल्यांना अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं असतात, ती रक्ताच्या गुठळ्या करतात. मेंदूत अशा बारीक गुठळ्या झाल्या तर नुकसान खरंखुरं आणि कायमचं असू शकतं. म्हणून ही तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

इथवर वाचून वाटेल, सगळं आजाराचंच. मलाही वाटलं होतं. पण बेरजेतल्या बाकीच्या रकमा अजून राहिल्यात, आणि वजा होण्यासारख्या त्याच आहेत.

माझ्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या होत्या, तशाच नेल्या. त्यात एका ठिकाणी हातपायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी प्रेगाबालिन होतं, दुसऱ्यांनी झोपेसाठी अॅमिट्रिप्टिलिन लिहिलं होतं, अंगावर खाज सुटते म्हणून मी दुकानातून घेतलेली जुन्या पद्धतीची अॅलर्जीची गोळी होती. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. ही तिन्ही औषधं चांगली आहेत आणि तिन्ही माणसाला गुंगीत ठेवतात. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळीही तेच करते. त्यातल्या दोन त्यांनी हळूहळू उतरवल्या. मग स्टेरॉइड. या औषधाचे उपकार मोठे आहेत. १९४८ मध्ये आमवातानं जखडलेल्या रुग्णांना ते पहिल्यांदा दिलं आणि दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं. पण डोस वाढला की मनावर परिणाम होतो. १९७२ च्या एका अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक त्रास झालेले १.३ टक्के होते, ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्के. झोप उडते, साखर वाढते, मन घोड्यावर बसतं आणि मग खाली पडतं. तरीही गोळी मनानं बंद करायची नाही. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं विसरतं, आणि एकदम थांबवलं तर जिवावर बेततं.

जाता जाता: सांधेदुखीवर कुठल्या तरी गावात मिळणारी ती पुडी, जिनं दोन दिवसांत माणूस नाचायला लागतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं बरीच आहेत. तुमच्या घरात कुणी ती खात असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील, पण हिशेब तरी जुळेल.

त्यानंतर रक्त. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. ऑटोइम्यून आजार बऱ्याचदा एकटे येत नाहीत, एकीला एक असला की दुसरा असण्याची शक्यता जास्त, म्हणून थायरॉइड बघायचंच. बी-१२ ची तर गंमत आहे. जठराच्या आवरणावर हल्ला करणारा एक वेगळाच ऑटोइम्यून आजार असतो, त्यात खाल्लेलं बी-१२ शोषलंच जात नाही. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा रोज ओरपला तरी. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी ते कमी होतं, आणि शाकाहारी घरांत मुळातच कमी. माझं बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांत हातपायांच्या मुंग्या गेल्या, डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं. उरलेलं अर्धं राहिलं. ते ल्यूपसचं.

झोप आणि मन यांबद्दल मी सविस्तर लिहिणार होते, पण त्यावर सगळीकडं इतकं लिहिलेलं असतं की थोडक्यातच सांगते. दुखण्यानं रात्री पाच वेळा जाग आली तर सकाळी कुणाचंच डोकं चालणार नाही. घोरणं मोठं असेल आणि मधे श्वास अडकत असेल तर तेही तपासून घ्यावं. उदासीनं विचार मंदावतात आणि उदासी उपचारांनी हटते. "तुम्हाला डिप्रेशन आहे" हे वाक्य ऐकून बऱ्याच बायकांना आपला आजार खोटा ठरवला असं वाटतं. मलाही आधी राग आला होता. पण वर सांगितलेला तो 'पडून राहा' निरोप आणि उदासी यांचे नाले एकच आहेत, त्यामुळं दोन्ही बरोबर असणं यात नवल काही नाही.

चाचणीचं ऐका. सगळीकडं वापरतात ती मोका नावाची ३० गुणांची चाचणी. २६ किंवा वर आले की ठीक धरतात. ती मुळात म्हातारपणातल्या सुरुवातीच्या विसराळूपणासाठी बनवलेली. शिकलेली, चाळिशीची बाई त्यात सहज पास होते आणि तिच्या हातात 'नॉर्मल' असा कागद पडतो. मला २८ मिळाले होते. वेग मोजायचा असेल तर दुसऱ्या चाचण्या लागतात. एकीत खुणा आणि आकड्यांचा तक्ता समोर ठेवतात आणि ९० सेकंदांत प्रत्येक खुणेचा आकडा सांगायला लावतात. एमएसमध्ये ही फार कामाची ठरली आहे. मला मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणखी एक सांगितलं: एका मिनिटात भाज्यांची नावं सांगा.

मेथी, पोकळा, शेपू, वांगी, दोडका. आणि मग काहीच नाही. घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. मी, जी दर रविवारी पिशवीभर भाजी आणते. मग डोळे मिटले आणि मनातच कपिलतीर्थ मार्केटच्या दारातून आत शिरले. पहिल्या बाईच्या पाटीत गवार आणि भेंडी, तिच्या शेजारी लाल माठ, पुढं पावटा, कोपऱ्यात सुरणाचे गड्डे. चौदा झाल्या. बाई हसल्या, म्हणाल्या, "मार्केटात गेला होतात ना?" गुण जेवढे मिळायचे तेवढेच मिळाले, पण गोदामाची किल्ली कुठं ठेवायची ते मला त्या दिवशी समजलं.

आणखी एक खाचखळगा इथं सांगायला हवा. माणसाला वाटणारं धुकं आणि चाचणीत दिसणारं धुकं यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. काहींना त्रास फार जाणवतो आणि गुण चांगले येतात, काहींचं उलट. लगेच कुणी म्हणतं, बघा, नाटक. पण चाचणी बंद खोलीत होते, पाऊण तास, एका वेळी एक काम. दुकानात फोन असतो, हमाल ओरडत असतो, समोर शेतकरी उभा असतो. शिवाय स्कॅनमध्ये असं दिसलं आहे की या रुग्णांचा मेंदू तेच काम तितकंच बरोबर करतो, पण त्यासाठी जास्त भाग कामाला लावतो. रव्याचं वजन तेवढंच, उचलायला एकाऐवजी दोन हमाल. संध्याकाळी मजुरी दोघांची द्यावी लागते. दुपारी चारनंतर मी गप्प का होते, याचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

धुकं घालवणारी एक गोळी नाही. जाहिरातींतल्या ब्रेन टॉनिकवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत. मूळ आजार आटोक्यात ठेवणं हे पहिलं काम, त्यासाठी गोळ्या न चुकवणं. आजार शांत झाल्यावरही धुकं काही काळ रेंगाळतं. पूर ओसरला तरी घरातला गाळ काढायला दिवस लागतात. चालण्यानं थकवा कमी होतो याला चांगला आधार आहे. मी पहाटे रंकाळ्याला अर्धी फेरी मारते. पूर्ण मारली की दुसरा दिवस गेला, हे दोनदा अनुभवून झालंय.

बाकी सगळी कामाची मांडामांड. पट्ट्या मी सकाळी सौदे संपले की लगेच लिहिते, उधारीची वही दुपारी. फोन दुकानातला पोरगा उचलतो. मालकांना मी एका वाक्यात सांगितलं होतं: "मला एका वेळी एक काम द्या, चूक होणार नाही." त्यांनी ऐकलं. सगळ्यांचे मालक ऐकतात असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे, त्यात एमएसचं नाव आहे, ल्यूपसचं नाही. ल्यूपसवालीला सवलत मागायची तर तिच्या कुठल्या अवयवाचं काय नुकसान झालं ते दाखवावं लागतं, आणि हातच्याचं नुकसान दाखवणार कसं?

घरात सांगणं जास्त अवघड गेलं. सासूबाईंना ब्रेन फॉग समजावत बसले नाही. एवढंच म्हटलं, "मी कामात असले की मागून हाक मारू नका, समोर येऊन सांगा." आता त्या समोर येतात, माझ्याकडं बघतात आणि विचारतात, "आलं का ध्यानात?" थोडा राग येतो. पण उपयोग होतो.

एक मात्र धुक्यात मोडत नाही, आणि त्यासाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, फिट येणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, कधी नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना ताप आणि गुंगी. यातलं काहीही झालं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात.

डॉक्टरांकडं जाताना "डोकं चालत नाही" असं म्हणू नका. ते ऐकून डॉक्टर "ताण घेऊ नका" म्हणतात आणि नंबर पुढं सरकतो. मी आता दोन आठवडे आधीपासून डायरीच्या मागच्या पानावर लिहिते: कुठल्या दिवशी, किती वाजता, काय करताना, काय चुकलं, आदल्या रात्री झोप किती, कुठली गोळी नवीन. 'मंगळवार, दुपारी साडेतीन, पट्टी लिहिताना हातचा गेला, रात्री चार तास झोप' असं वाचलं की डॉक्टरही पेन उचलतात.

यंदा पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला कागलचे ते शेतकरी परत आले होते. ३० रवे आणले होते. पट्टी लिहिताना मी आता प्रत्येक हातचा आकड्याच्या डोक्यावर लाल पेनानं बारीक लिहिते, शाळेत गुरुजी लिहायला लावायचे तसा. त्यांनी पट्टी घेतली, लाल आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे काय वैनी, दुसरीतल्या पोरागत?"

"व्हय," म्हटलं. "बघा, बरोबर हाय का."

त्यांनी पेरांवर मोजून बघितलंच.